चेअरमनांचा पिंजरा

आमच्या सोसायटीत आलेल्या बिबट्याचा तो सीसीटीव्हीतला व्हिडिओ एव्हाना तुमच्या तीनतीन ग्रुपवर फिरून गेला असेल, तेव्हा तो सांगत बसत नाही. ठाण्यात येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना त्यात नवल ते काय! नवल आमच्या चेअरमनांचं. रात्री बाळूच्या टपरीवर अवतरले ते लेटरपॅड घेऊन. पायात घरच्या सपाता, पण हातात लेटरपॅड.

"वनखात्याला पत्र आहे. पिंजरा लावा, धरा आणि लांब नेऊन सोडा. करा सह्या."

"लांब म्हणजे कुठे?" शुभदाने विचारलं. शुभदा बँकेत आहे, पण उपवन तलावावर फिरायला जाते ती प्राणी-पक्ष्यांच्या नोंदींची वही घेऊन. त्यामुळे तिच्या नादी सहसा कोणी लागत नाही.

"कुठेही. जुन्नरकडे सोडा. तिकडे पुष्कळ ऊस आहे."

"जुन्नरकरांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

पक्या फिस्सकन हसला, चहा शर्टावर. चेअरमनांचा आवाज चढला. आवाज चढला की मुद्दा आपोआप तयार होतो अशी त्यांची समजूत आहे. एजीएम ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे.

"अहो, हे सगळं करून झालंय," शुभदा म्हणाली. "जुन्नरलाच. २००१ नंतर तिथले बिबटे धरून धरून दुसरीकडे सोडले. हल्ले कमी व्हायचे सोडून वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया यांनी ते अभ्यास करून मांडलंय. जनावर परक्या जागी सोडलं की त्याला वाट माहीत नसते, पाणी माहीत नसतं, माणसं कधी बाहेर पडतात ते माहीत नसतं. आणि इथली मोकळी झालेली जागा दुसरा येऊन धरतो. आत्ताच्याला निदान तुमच्या वॉचमनच्या झोपेच्या वेळा पाठ आहेत."

"पण आहेत तरी किती?" मी विचारलं.

"२०१५ मध्ये निकित सुर्वे या अभ्यासकाने बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि आसपास कॅमेरे लावून ३५ ओळखले होते."

"ओळखले म्हणजे? आधार कार्ड बघून?" पक्या.

"ठिपक्यांवरून. एकाचे ठिपके दुसऱ्यासारखे नसतात. एकाच बिबट्याची डावी कूस उजवीसारखी नसते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात."

"आपल्या चेअरमनांनाही तसेच दोन लावायला हवेत. एजीएममध्ये एक बाजू, बिल्डरसमोर दुसरी."

चेअरमनांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं. म्हणाले, "माझा नातू खाली खेळतो. उद्या काही झालं तर तुमची वही येणार आहे का?"

हा मुद्दा खरा होता. शुभदानेही तो उडवून लावला नाही. "अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडायचं नाही, हे खरंच. २००४ मध्ये पार्काच्या कडेला बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली, ते मीही विसरले नाहीये. मागच्या गेटचा दिवा लावा, झाडी छाटा. पण तो तुमच्या नातवासाठी येत नाही हो. तो कुत्र्यांसाठी येतो. कुत्री कचऱ्यासाठी येतात. आणि कचरा..."

सगळ्यांनी चेअरमनांकडे पाहिलं. ओल्या कचऱ्याचं खत करायचा ठराव 'पुढच्या मीटिंगमध्ये' गेला तो कोविडच्या आधी. अजून मीटिंगमध्येच आहे.

"शिवाय," बाळू किटली हलवत म्हणाला, "फॉरेस्ट व्ह्यूचे ज्यादा पैसे भरलेत ना तुम्ही? मग व्ह्यूमध्ये कोणी दिसलं तर तक्रार कसली?"

तिथून गाडी ठाण्यातल्या कोरम मॉलवर गेली. २०१९ च्या फेब्रुवारीत बिबट्या तिथे घुसला होता, आठवतंय? पक्याचं म्हणणं, पहाटे गेला म्हणून, रविवारी संध्याकाळी गेला असता तर पार्किंगमधूनच परत आला असता. मग पार्किंगवरून पक्या आणि चेअरमन यांचं जुनं उणंदुणं निघालं. ते गाळतो.

"ते सगळं जंगलातलं," चेअरमन शेवटी म्हणाले. "सोसायटीत काय अभ्यास करणार? कबुतरं?"

शुभदाने पर्समधून प्लास्टिकची एक छोटी पिशवी काढली. आत काळपट, वाळलेलं काहीतरी. बाळूने चटकन वडे पलीकडे सरकवले.

"गच्चीच्या कठड्यावरची विष्ठा. अशीच सापडली म्हणून गेल्या वर्षी तुम्ही पक्याच्या लॅब्राडॉरला पाचशे रुपये दंड लावला होता. ही नवीही अगदी तशीच आहे. काडीने फोडून बघा."

पक्यानेच फोडलं. आत नुसत्या बियाच बिया.

"भेर्ली माडाच्या. गेटजवळचे दोन तुम्हीच शोभेला लावलेत. फळं पिकली की रात्री उदमांजर येतं, खातं, पाइपवरून गच्चीवर चढतं आणि हे ठेवून जातं. आता सांगा, लॅब्राडॉर माडावर चढतो का?"

बिबट्याचा विषय तिथेच संपला. "माझे पाचशे!" पक्या ओरडला. "व्याजासकट! मामलेदारची मिसळही!" चेअरमन म्हणाले की ठराव मंजूर झालेला आहे, दंड जनावराच्या नावाने होता, त्यात जात नमूद नव्हती. मग दंड उदमांजराकडून वसूल करा. कसा करणार, ते सभासद नाही. सभासद नाही, पण राहतं तर इथेच, मेंटेनन्स न भरता. "म्हणजे तुमच्या मेव्हण्यासारखं," बाळू म्हणाला, आणि मला ठसका लागला.

"हे बघा, काय असेल ते लेखी द्या," चेअरमन उठत म्हणाले.

पक्याने त्यांच्या हातातलं लेटरपॅड ओढून घेतलं. "शुभदा, उदमांजरातला उ पहिला की दुसरा गं?"