“ओढतच नाही” या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय: २ एचपीचा डस्ट कलेक्टर (लाकडाचा भुसा-धूळ ओढणारं मशीन) १२ इंची थिकनेसरच्या (लाकूड तासून एकसारख्या जाडीचं करणाऱ्या मशीनच्या) ढलप्या ओढत नाही, होज तुंबतो, टेबल सॉ चालवली की खोलीभर धूळ, आणि खोक्यावरचा १२०० सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा ओढतो, तो) आकडा खोटा.

हा आकडा होज, पिशवी काहीच न लावता मोजलेला असतो. बहुतेक मशिनांच्या खोक्यावर तसाच छापतात, पण विकताना आम्ही ते सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही आमची चूक. १०० मिमीच्या पाइपातून असा ब्लोअर (कलेक्टरचा मोटर-पंखा) प्रत्यक्षात ३५० ते ४०० सीएफएम ओढतो. तुमच्या थिकनेसरला तेवढं जेमतेम पुरतं, म्हणजे वाटेत काही वाया घालवण्याची सोय नाही.

आता तुमचा तिसरा फोटो. ब्लोअर आणि थिकनेसरच्या मध्ये बादलीवर बसवलेली काळी प्लास्टिकची सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा बादलीत पाडणारं नरसाळं) दिसतेय. तिची तोंडं ५० मिमीची. १०० च्या पाइपाला ५० चं तोंड जोडलं की वाट निम्मी नाही, पाव होते. ती वस्तू व्हॅक्यूम क्लीनरसाठी आहे. व्हॅक्यूम थोडीच हवा पण प्रचंड जोरानं ओढतो, म्हणून त्याला बारीक नळी चालते. डस्ट कलेक्टरचं उलट: हवा भरपूर, जोर कमी. वाट आवळली की तो नुसता घोंघावतो. त्यात पुढे ६ मीटर वळ्यांचा होज, म्हणजे गुळगुळीत पाइपाच्या दुप्पट-तिप्पट अडथळा. तुंबणारच.

आधी एवढं करून बघा. बादली काढा. १०० मिमीचा फक्त १ मीटर होज ब्लोअरपासून थेट थिकनेसरला क्लॅम्पनं आवळा. ब्लोअर सुरू करा, त्यानं पूर्ण वेग घेतला की थिकनेसर, आणि १ मिमीचा कट घ्या. तरीही तुंबलं तर दोष मशीनचा. घरी येऊन बदलून देऊ. एक्स्टेंशन बोर्ड मात्र नको. ही मोटर १० अँपिअरच्या आसपास घेते. १६ अँपिअरचं सॉकेट आणि २.५ स्क्वेअर एमएमची वायर हवी. पातळ वायरवर ती उचलायला वेळ लावते आणि तापते.

नीट चाललं तर कायमची लाइन ११० मिमीच्या एसडब्ल्यूआर पीव्हीसीची (सांडपाण्याला वापरतात त्या पाइपाची) टाका. फाट्याला टी नको, ४५ अंशांचा वाय घ्या. काटकोनी बेंडच्या जागी ४५ चे दोन. प्रत्येक मशीनपाशी ब्लास्ट गेट (पाइप बंद करायची सरकती झडप), एका वेळी एकच उघडं. सांध्यांना सॉल्व्हंट लावू नका, सिलिकॉन लावा, म्हणजे कधी तुंबलं तर उघडता येईल. गळती शोधायला टिश्यूची पट्टी फिरवा. काहीजण उदबत्ती धरतात, ते अजिबात करू नका. ठिणगी आत ओढली गेली तर पिशवी पेटू शकते.

खोलीतल्या धुळीबाबत तुमचं म्हणणं बरोबर आहे. सोबत आलेली कापडी पिशवी ३० मायक्रॉनची. ढलप्या ती अडवते, पण एमडीएफचा पिठासारखा भुसा आरपार जाऊन घरभर फिरतो, आणि छातीत जाणारा नेमका तोच. लाकडाची धूळ आयएआरसीनं (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं) १९९५ मध्येच कर्करोगकारकांच्या गट १ मध्ये (माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत) टाकली आहे, तेव्हा हे हौसेचं काम म्हणून सोडून देऊ नका. वरच्या कापडी पिशवीच्या जागी १ मायक्रॉनचा कॅनिस्टर (घड्यांचा डब्यासारखा फिल्टर) बसवा. जुनी पिशवी परत घेऊन आम्ही फक्त फरकाचे पैसे लावू. खालची पिशवी निम्मी भरली की रिकामी करा, नाहीतर भुसा वर उडून कॅनिस्टरच्या घड्यांत बसतो आणि ओढ पुन्हा कमी होते.

टेबल सॉला खालून कितीही ओढलं तरी पात्याच्या वरून उडणारं उरतंच. एमडीएफ कापताना एन९५ मास्क लावा, आणि काम थांबल्यावर लगेच काढू नका. बारीक धूळ बराच वेळ हवेत तरंगते.

बादलीवरची सायक्लोन फेकू नका. सँडरच्या व्हॅक्यूमला ती छान चालेल.