वजनाचं काय?

लेखात रिकाम्या बाटल्या-डबे कुंपणाला टांगून बाग करायची कृती छान दिलीय, पण वजनाबद्दल एक ओळही नाही. आमची फजिती सांगते. गेल्या वर्षी परसातल्या जाळीच्या कुंपणाला मी 5 लिटरचे तेलाचे 9 कॅन टांगले, नुसती बागेतली माती ठासून. जूनच्या दुसऱ्याच पावसात जाळीला पोट सुटलं आणि एक कॅन सुटून थेट शेजारच्या काकांच्या स्कूटरवर! ओली माती लिटरला दीड किलोच्या आसपास भरते, हा हिशोब तेव्हा केला. आता निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा), बाकी शेणखत आणि मूठभर माती, आणि कॅन फक्त खांबांजवळ. सुतळी तर वापरूच नका, एका पावसाळ्यात कुजते. वायरिंगच्या कामातले उरलेले वायरचे तुकडे उत्तम.

भोकं मी डाभण तापवून तळाला पाडते. वरच्या कॅनचं पाणी खालच्यात ठिबकतं, म्हणून वर ऑफिस टाइम (कमी पाण्यावर भागणारं फुलझाड), मध्ये पानओवा आणि सगळ्यात खाली पुदिना, तो कायमचा तहानलेला. पत्र्याचे डबे दिसतात झकास, पण एप्रिलच्या उन्हात मुळं अक्षरशः भाजतात. बाहेरून गोणपाट गुंडाळा.

आणि निथळणारं पाणी झेलायला खाली बशा ठेवायचा लेखातला सल्ला मला पटला नाही. डेंग्यूचा डास असल्या साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. ठेवायच्याच असतील तर आठवड्यातून एकदा तरी घासून कोरड्या करा.