‘नुसते प्रश्न आणि गृहपाठ’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

समुपदेशनाची चार ऑनलाइन सत्रं झाली, सल्ला एकही मिळाला नाही, नुसते प्रश्न आणि वर गृहपाठ, धडधड कमी व्हायची ती वाढलीच, असं तुम्ही लिहिलं आहे. पैसे मोजून त्रास वाढला तर राग येणारच. मात्र तुम्ही आमच्याकडे कशासाठी आलात, मुळात आलात की नाही, हेही आम्ही इथे बोलणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो आणि टीका करणाऱ्यालाही तो तितकाच आहे. म्हणून उत्तर फक्त पद्धतीबद्दल.

चिंतेने त्रासलेल्या माणसाला घरीदारी सल्ले भरपूर मिळालेले असतात. ‘काही होत नाही रे’ हे ऐकून तासभर बरं वाटतं, मग पुन्हा कोणाला तरी विचारावंसं वाटतं. समुपदेशकही तेच सांगू लागला, तर सल्ला देणाऱ्यांच्या यादीत एकाची भर पडते, एवढंच.

गोव्यात पर्वरीत राहणाऱ्या कोणाला स्कूटरवरून मांडवी पूल ओलांडायची भीती वाटते असं धरा. तो बेतीहून फेरीबोटीने पणजीला येतो. फेरीत बसताच जीव हलका होतो आणि ‘पूल टाळला म्हणून वाचलो’ ही समजूत पक्की होते. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी. गृहपाठ हे चक्र तोडण्यासाठी असतो. आधी रविवारी सकाळी कोणाच्या तरी मागे बसून, मग स्वतः चालवत पण मागे सोबत घेऊन, शेवटी एकट्याने. पूल ओलांडताना प्रत्येक वेळी भीती ० ते १०० मध्ये लिहायची आणि आकडा निम्म्यावर येईपर्यंत तीच पायरी पुन्हा करायची. इथे एक गोष्ट हमखास बिघडते: माणूस पूल ओलांडतो खरा, पण कानात बायकोचा फोन चालू ठेवून. मग श्रेय फोनला जातं आणि भीती जागच्या जागी राहते.

त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत त्रास वाढू शकतो आणि ते पहिल्या सत्रातच सांगितलं गेलं पाहिजे. पण प्रत्येक वाढ योग्य असते असं आम्ही म्हणणार नाही. पायरी करताना भीती चढली आणि नंतर उतरली तर काम चालू आहे. दिवसभर उतरतच नसेल, झोप गेली असेल, तर पायरी फार उंच आहे किंवा कारण वेगळं आहे. थायरॉइड वाढलेलं असलं, रक्त कमी असलं किंवा दिवसाला पाच-सहा कप चहा-कॉफी होत असली तरी अशीच धडधड होते. रक्ततपासणी फॅमिली डॉक्टरकडून करून घ्यावी.

प्रगती अंदाजाने ठरवू नये. गॅड-७ या चिंता मोजायच्या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न असतात, गुण ० ते २१. दहापासून पुढे नीट तपासणी हवी, पंधरापासून पुढे त्रास तीव्र. सहाव्या सत्रापर्यंत आकडा हलला नाही तर पद्धत किंवा समुपदेशक बदलायला हवा, किंवा मनोविकारतज्ज्ञाला दाखवायला हवं. औषध समुपदेशक लिहून देऊ शकत नाही. त्यासाठी बांबोळीचं आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे.

व्हिडिओ तुटत असेल तर साध्या फोनवर सत्र पूर्ण करता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर पुढच्या सत्राची वाट पाहू नका; टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

सत्रं चालू असलेल्या कोणालाही तीन गोष्टी विचारायचा हक्क आहे: गॅड-७ चा पहिला आकडा किती होता, आज किती आहे आणि पुढची पायरी कोणती. उत्तरं पटली नाहीत तर आमच्या कार्यालयात फोन करून समुपदेशक बदलून घ्या किंवा उरलेल्या सत्रांचे पैसे परत मागा. कारण सांगावं लागणार नाही.