कापसाच्या धुळीची नोंद झाली, ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या जखमी मनाची कधी होणार?

अपघाताची बातमी आली की आपण दोनच गोष्टी विचारतो. किती गेले आणि ॲम्ब्युलन्स किती वेळात आली. त्या ॲम्ब्युलन्समधून कोण आलं होतं आणि त्या रात्री त्याला झोप लागली का, हे कुणी विचारत नाही. विषय काढलाच तर उत्तर ठरलेलं असतं, "त्यांना काय, सवय असते."

मी सोलापुरात कॅज्युअल्टीला स्टाफ नर्स आहे. स्ट्रेचर दारातून आत आलं की पेशंट आमचा होतो. त्याला आणणारे दोघं, डॉक्टर आणि पायलट (108 च्या ड्रायव्हरला पायलटच म्हणतात), कागदावर सही घेऊन मागे वळतात, कारण पुढचा कॉल आलेला असतो. इतकी वर्षं त्यांना बघून सांगते, सवय होते ती कामाची. अंधारात शीर शोधायची, मान न हलवता माणूस उचलायची. जे डोळ्यांसमोर घडतं त्याची सवय होत नाही.

एका पायलटदादांचं सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय. भाजलेल्या एका केसनंतर त्यांना शीक, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेलं मांस, खाता येईना. सोलापूरकराला शीक म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आधी खाणं सुटलं, मग संध्याकाळी जिथे निखाऱ्यांवर शीक लागते तो रस्ताच सुटला. ड्युटी संपवून घरी जाताना लांबचा फेरा घालायचे. घरी गॅसवर वांगं भाजायला ठेवलं तरी उठून बाहेर जायचे. पोरांवर खेकसायला लागले, तेव्हा वहिनींना वाटलं माणूस तिरसट झाला. एकदा पहाटे आमच्या शेडबाहेर गाडी धूत होते. "कपडे धुतो, आंघोळ करतो, वास जाईना ओ सिस्टर." हातात पाण्याचा पाईप तसाच चालू होता. स्ट्रेचर केव्हाच स्वच्छ झालं होतं.

पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केलं, पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा मानसिक आजार. घडलेला प्रसंग वास, आवाज, स्वप्न होऊन परत परत समोर येणं, त्याची आठवण देणारी जागा टाळणं, जिवाभावाच्या माणसांपासून तुटत जाणं, सतत दचकणं, चिडणं, झोप उडणं. हे सगळं महिन्याहून जास्त टिकलं आणि त्यापायी रोजचं जगणं अडायला लागलं तर तो आजार धरतात. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने 1980 मध्ये त्याला आपल्या मानसिक आजारांच्या यादीत जागा दिली. 2013 च्या आवृत्तीत तर स्पष्टच लिहिलं की आघात स्वतःवरच कोसळला पाहिजे असं नाही. कामाचा भाग म्हणून मानवी अवशेष गोळा करणारे, असे तपशील वारंवार झेलणारेही त्यात येतात. जगभरातल्या ॲम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांवरचे अभ्यास एकत्र करून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात हे प्रमाण साधारण 11 टक्के निघालं. म्हणजे नऊ-दहा जणांत एक.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा बघा. पुणे-हैदराबाद हायवे, विजापूरकडे जाणारा रस्ता, अक्कलकोट, पंढरपूर, शेजारच्या जिल्ह्यातलं तुळजापूर. कोजागिरीला रात्रभर तुळजापूरला चालत जाणारे लोक, आषाढीला दिंड्या, एरवी उसाचे ट्रॅक्टर आणि कंटेनर. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत 8 जण गेले, त्यात एक लहान बाळ होतं. आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, ती खरीच होती. पण ज्यांनी ते देह स्वतःच्या हातांनी बाहेर काढले, गाडीत ठेवले, त्यांची महिन्याभराने कुणी चौकशी केली का?

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. ज्याला धापा टाकत, छाती दाबून सीपीआर देत आणलं तो जगला की गेला, हे डॉक्टर-पायलट दोघांना बहुतेक वेळा कळतच नाही. कळतं ते नातेवाइकांचं "इतका उशीर का केला?" आणि वर अंगावर धावून येणं.

राज्यात 108 सुरू झाली 2014 मध्ये, 937 गाड्यांनी. आपल्याकडे गाडीत डॉक्टर असतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तो डॉक्टर आणि पायलट दोघेही कंत्राटावर. मन बिघडलंय म्हणून सुट्टी मागितली तर आपल्या जागी दुसरा माणूस येईल, ही भीती त्यांना असते. म्हणून कुणी बोलत नाही.

माझे आजोबा मिलमध्ये होते. या शहराला कापसाच्या धुळीचा खोकला माहीत आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत पुढे तो आजार, बिसिनोसिस, घातला गेला. म्हणजे कायद्याने मान्य केलं की हे फुफ्फुस कामाने खराब झालं, यात कामगाराचा कमकुवतपणा नाही. मला हेच हवंय. पायलटदादांचं मन कामाने जखमी झालं, याची तशीच नोंद हवी. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने 2016 मध्ये कायदाच केला, की पॅरामेडिकला पीटीएसडी झाला तर तो कामामुळेच झाला असं आधी धरायचं. सिद्ध करत बसण्याचा भार त्या आजारी माणसावर टाकायचा नाही.

योगशिबिर आणि एक दिवसाचं व्याख्यान घेऊन कृपा करून सुटका करून घेऊ नका. घटना घडल्यावर लगेच सगळ्यांना बसवून एकदाच बोलतं केल्याने पीटीएसडी टळत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. उपयोग होतो तो ट्रॉमावरच्या सीबीटीचा (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारे बोलण्याचे उपचार), ईएमडीआरचा (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणी हाताळायची पद्धत), काहींना औषधांचा. सीबीटीलाच साधारण 8 ते 12 बैठका लागतात. त्या ड्युटी सांभाळून, पगार कापून घेऊन कशा करायच्या? सेवेच्या करारात गाड्या किती, पोचायचं किती मिनिटांत हे लिहिलेलं असतं. त्यातच लिहा की अवघड केसनंतर गाडी काही वेळ कॉलवरून काढायची, उपचारांसाठी भरपगारी रजा द्यायची आणि त्यावरून कुणाचं कंत्राट तोडायचं नाही.

108 वरचं कुणी वाचत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलतात. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.

हे मुद्दे मी लेखी निवेदन करून आपल्या लोकप्रतिनिधींना आणि जिल्हाधिकारी कार्यालयात देणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी मला मेसेज करा. नोकरीत असलेल्यांनी स्वतःचं नाव देऊ नका, घरातल्या कुणाची तरी सही चालेल.