लिनक्सनं गेमपॅड जळतो म्हणे!

परवा रात्री साडेदहाला परभणीहून भाच्याचा फोन. "मामा, तुमी टाकून दिलेलं लिनक्स काढायलाव. मम्मी म्हणायलीय गेमपॅड जळंल." म्हटलं काय झालं, कुणी सांगितलं? तर गावाकडच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायलाय, 'लिनक्सवर गेम खेळणाऱ्यांनो सावधान', पाच मुद्दे, प्रत्येकापुढं लाल दिवा. तोच मेसेज अर्ध्या तासात मलाही तीन ठिकाणाहून आला, त्यातला एक तर आमच्या ताईचाच, खाली हात जोडलेले. दिवाळीत विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून मी स्वतः बसून भाच्याच्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, त्यातला मिंट नावाचा प्रकार, टाकलं होतं, त्यामुळं आता मला गप बसता येत नाही.

पहिला मुद्दा, 'लिनक्सवर गेम इम्युलेटरमधून चालतात म्हणून अर्ध्या स्पीडनं चालतात.' इम्युलेटर म्हणजे दुसऱ्याच मशीनचं सोंग घेणारा प्रोग्रॅम, तो नाहीच तिथं. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं २०१८ ला विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन काढलं, त्याच्या पोटात वाइन नावाचं सॉफ्टवेअर आहे. गेमचा कोड तुमच्या प्रोसेसरवर थेटच चालतो, फक्त गेम विंडोजला जे जे मागतो त्याला उत्तर वाइन देतं आणि डायरेक्टएक्स या विंडोजच्या भाषेतल्या चित्राच्या ऑर्डरी डीएक्सव्हीके नावाची गोष्ट व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या भाषेत बदलून ग्राफिक्स कार्डाला देते. परभणीचा माणूस चेन्नईला गेला तर त्याला पत्ता विचारायला दुभाषी लागंल, पण म्हणून त्याचे पाय थोडेच अर्ध्या स्पीडनं चालतात. भाच्याकडं आरएक्स ५६० ग्राफिक्स कार्ड आहे, त्यावर जीटीए ५ ची स्टोरी विंडोजवर चालायची तशीच चालते, सेकंदाला दोन-चार फ्रेम इकडं तिकडं. व्हॉल्व्हचं हातात धरून खेळायचं मशीन, स्टीम डेक, २०२२ पासून विकलं जातंय, आत लिनक्सच आहे, लोक काय त्यावर पत्ते खेळतात का?

बरं, यात थोडं खरं आहे ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल मामा लिनक्सचा एजंट आहे. नवीन गेम पहिल्यांदा लावला की शेडर, म्हणजे चित्र रंगवायचे छोटे प्रोग्रॅम, तयार होईस्तोवर अडखळतो. एनव्हिडियाच्या कार्डावर डायरेक्टएक्स १२ चे गेम विंडोजपेक्षा अजून मागं पडतात. आणि आपल्याकडं असेंबल पीसीत सर्रास सापडणारं जीटी ७१० असंल तर नवीन प्रोटॉन नीट चालणारच नाही, कारण डीएक्सव्हीकेला आता व्हल्कन १.३ लागतं आणि त्या कार्डात ते नाही. जुनं प्रोटॉन ७ निवडून काही गेम चालतात, सगळे नाही.

आता दुसरा, तो जळण्याचा मुद्दा. फॉरवर्डमध्ये लिहिलंय, 'लिनक्स गेमपॅडला जास्त करंट सोडतो, व्हायब्रेशनची मोटर जळते.' हे वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. अरे बाबा, करंट ऑपरेटिंग सिस्टीम ढकलत नसते! पोर्ट पाच व्होल्ट देतो, गेमपॅड त्याला पायजे तेवढा करंट ओढतो, आणि जास्तीत जास्त किती ओढणार हे तो जोडल्या जोडल्या कॉम्प्युटरला स्वतःच सांगतो. व्हायब्रेशनचं म्हणाल तर एक्सबॉक्स ३६० टाइपच्या गेमपॅडला लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे गेमपॅडशी बोलणारा प्रोग्रॅम, आठ बाइटचं एक पाकीट पाठवतो, त्यात दोन आकडे असतात, जड मोटर किती फिरवायची आणि हलकी किती, प्रत्येकी ० ते २५५. २५५ च्या वर आकडा त्या बाइटमध्ये मावतच नाही, मग 'जास्त' पाठवणार कुठून? विंडोजला पण त्याच मोटरशी बोलायचंय.

'लिनक्स गेमपॅड ओळखतच नाही' हे पण त्याच मुद्द्यात घुसवलंय. यावर मी एकच गोष्ट सांगतो. प्लेस्टेशन ५ च्या गेमपॅडचा लिनक्स ड्रायव्हर कुण्या हौशी पोरानं नाही, खुद्द सोनीच्या इंजिनिअरनं लिहून दिलाय, २०२१ ला कर्नल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ५.१२ आवृत्तीत आला. कर्नलचा कोड सगळ्यांसमोर उघडा आहे, ड्रायव्हरच्या फाइलवर वरच सोनीचं नाव आहे, जाऊन बघा. गेमपॅड बनवणारा स्वतः ड्रायव्हर देतोय आणि ग्रुपवरचे काका सांगायलेत ओळखत नाही म्हणून.

भाच्याला अडचण आली होती हे मात्र खरं. त्याचा सातशे रुपयांचा गेमपॅड, एक्स दाबलं की ए लागायचं. मी फोनवरच सांगितलं, मधलं बटण पाच-सहा सेकंद दाबून धर. लाइटी बदलल्या, गेमपॅड एक्स-इनपुट, म्हणजे एक्सबॉक्ससारखं वागायच्या मोडमध्ये आला, बटणं जाग्यावर. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त गेमपॅडला असे दोन मोड असतात, पण डब्यातल्या कागदावर ते मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात असतं.

आणि खरा घातक मुद्दा चौथा, ज्याच्यासाठी मी हे सगळं टाइप करायलोय. 'गेमपॅड चालत नसेल तर सुडो लावून डेव्ह-इनपुटमधल्या सगळ्या फाइलींना सीएचमॉड ७७७ मारा.' म्हणजे मालकाचे अधिकार वापरून त्या फाइली सगळ्यांना उघड्या करा. त्या फोल्डरात एकटा गेमपॅड नसतो, तुमचा कीबोर्ड पण तिथंच असतो! ७७७ मारलं म्हणजे मशीनवरचा कुठलाही प्रोग्रॅम, कुठलाही युजर, तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ वाचू शकतो. लिनक्समध्ये हे मुद्दाम वेगळं ठेवलेलं आहे, लॉगिन केलेल्या माणसाला जॉयस्टिकची परवानगी आपोआप मिळते, कीबोर्डची मिळत नाही. जाणकार म्हणतील एक्स-११ वर, म्हणजे लिनक्सच्या जुन्या खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेत, प्रोग्रॅम तसेही एकमेकांच्या कळा ऐकू शकतात. खरंय. म्हणून काय घराचं दारच काढून ठेवायचं? गेमपॅडला परवानगीचीच अडचण असंल तर स्टीम-डिव्हाइसेस नावाचं पॅकेज टाका, त्यात त्याचे नियम तयारच येतात.

मधला तिसरा मुद्दा 'ऑनलाइन गेम चालत नाहीत', हा अर्धा कबूल. व्हॅलोरंट नाही, फोर्टनाइट नाही, जीटीए ऑनलाइन २०२४ पासून नाही, त्याच वर्षी एपेक्सनं पण लिनक्स बंद केलं. ते अँटी-चीटमुळं, म्हणजे गेममधली फसवणूक पकडणाऱ्या प्रोग्रॅममुळं, स्पीडमुळं नाही. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर थेट लिनक्सवर येतात. तुमचं पोरगं फक्त व्हॅलोरंटच खेळत असंल तर लिनक्स टाकू नका, विषय संपला. पाचवा मुद्दा 'लिनक्स हॅकर लोकांचं असतं', त्याला मी उत्तर देत नाही.

ताईला फोन करून सांगितलंय की काही जळत नाही. भाच्याला विचारलं ती ७७७ वाली कमांड मारली का, तर आधी नाही म्हणला, मग "मारली पण एकदाच". तुमच्याकडं पण कुणी मारली असंल तर मशीन रीस्टार्ट करा, परवानग्या पहिल्यासारख्या होतात. कुणी ती मशीन चालू होतानाच्या स्क्रिप्टमध्ये घालून ठेवली असंल तर ती ओळ आधी काढा, आणि मधल्या काळात तिथं बँकेचा पासवर्ड टाइप केला असंल तर तो पण बदला.