एका फ्रेटला एक बोट, तेही पहिल्याच दिवसापासून?

बेस गिटार हातात घेतलेल्या नवशिक्याला एक सल्ला हमखास मिळतो आणि तो पुढे पाठवणाऱ्यांचीही कमी नाही. "पहिल्या दिवसापासून एका फ्रेटला एक बोट. चार फ्रेट, चार बोटं, अगदी पहिल्या फ्रेटपासून. दुखलं तरी थांबू नका, हात ताणून मोकळा होतो. अंगठा नेकच्या मागे मधोमध रोवून ठेवा. तीन बोटांनी वाजवणं ही जुनी, आळशी पद्धत." (फ्रेट म्हणजे नेकवर, वाद्याच्या लांब दांड्यावर, आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या.)

मी पहिलं वर्ष हे सगळं मनापासून पाळलं. वर्षाच्या शेवटी मनगटात अशी कळ येऊ लागली की तीन महिने बेस कोपऱ्यात उभा होता. म्हणून यातलं एकेक वाक्य तपासून बघायचंय.

आधी चार फ्रेट, चार बोटं. हा सल्ला मुळात गिटारवाल्यांच्या सवयीतून आलेला आहे. नेहमीच्या बेसची स्केल लेंग्थ, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून (नट) वाद्याच्या अंगावरच्या टेकूपर्यंतचं (ब्रिज) तारेचं अंतर, 34 इंच असते. 1951 साली आलेल्या फेंडर प्रिसिजनपासून हेच माप रूढ आहे. इलेक्ट्रिक गिटारचं माप साधारण 25.5 इंच. फ्रेट ठरावीक गणिताने बसवलेले असतात, त्यामुळे हिशोब घरबसल्या करता येतो. गिटारवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटमधलं अंतर 10 सेंटिमीटरपेक्षा थोडं कमी भरतं, बेसवर तेच जवळजवळ 13. तर्जनी आणि करंगळी 13 सेंटिमीटर फाकवायची, तशीच वाकवून जाड तार दाबायची आणि मनगटही सरळ ठेवायचं, हे बहुतेकांच्या हाताला जमत नाही. मग हात स्वतःच पळवाट काढतो. मनगट आत दुमडतं, कोपर बाहेर जातं, अंगठा चिमटा काढल्यासारखा आवळला जातो.

आता तीच पट्टी वरच्या बाजूला, म्हणजे ब्रिजकडे, लावा. सातव्या ते दहाव्या फ्रेटमध्ये अंतर उरतं सुमारे 9 सेंटिमीटर. तिथे एका फ्रेटला एक बोट अगदी आरामात बसतं आणि तिथे ते वापरायलाच हवं. सल्ल्यातलं खरं आहे ते एवढंच. चूक आहे ती 'पहिल्या फ्रेटपासून' या शब्दांत. पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटचं अंतरही याच 9 सेंटिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे खाली तीन फ्रेट आणि वर चार, हाताचा पसारा तेवढाच राहतो.

हे डबल बेस, म्हणजे व्हायोलिनसारखं पण उभं ठेवून वाजवायचं मोठं वाद्य, वाजवणाऱ्यांना कधीच कळलं होतं. त्यांची तार याहूनही लांब, साधारण 41-42 इंचांची. फ्रान्झ सिमांडल (1840-1912) यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत खालच्या पोझिशनमध्ये तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी वापरते, अनामिका करंगळीला टेकू देते. या पद्धतीला आळशी म्हणणं मला खरंच खटकतं. अनामिका रिकामी बसत नाही, ती सगळ्यात अशक्त बोटाच्या मदतीला येते.

"मग चौथ्या फ्रेटचं काय?" असं लगेच विचारलं जातं. एफ मेजर स्केल वाजवून बघा. ई तारेवर पहिला आणि तिसरा फ्रेट, मग मोकळी ए तार, त्याच तारेवर पहिला आणि तिसरा, मोकळी डी तार, तिच्यावर दुसरा आणि तिसरा. पूर्ण सप्तक झालं आणि चौथा फ्रेट एकदाही लागला नाही. जी मेजरमध्ये तो एकदाच लागतो, डी तारेवर, एफ शार्पसाठी. त्या एका स्वरासाठी सगळा हात अंगठ्यासकट एक फ्रेट वर सरकवायचा. बोट फाकवायचं नाही, हात न्यायचा. सुरुवातीला हे सरकणं अडखळतं, पण पंधरा दिवसांत ते चालीत मिसळून जातं.

म्हणूनच अंगठा मधोमध रोवायचा हा सल्ला घातक आहे. रोवलेला अंगठा हात सरकूच देत नाही, मग उरतो फक्त ताण. अंगठा साधारण मधल्या बोटाच्या समोर हलका टेकलेला असावा. मधूनमधून तो पूर्ण उचलून वाजवून बघा. हाताच्या वजनाने तार दाबली गेली आणि स्वर स्वच्छ आला, तर तुम्ही आवळत नाही आहात. दाब किती द्यायचा हेही असंच कळतं. तारेला नुसता स्पर्श करून छेडा, मग हळूहळू दाब वाढवत न्या. खरखर थांबून स्वर उमटला की तिथेच थांबा. बोट फ्रेटच्या लगेच मागे असेल तर हा दाब आश्चर्य वाटावं इतका कमी लागतो.

"हात ताणून मोकळा होतो" याबद्दल थोडक्यात. हाडं लांब होत नाहीत. तळहात टेबलावर ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून बघा. बहुतेकांना ती हलवताच येत नाही, कारण बोटं उचलणारे स्नायुबंध हाताच्या पाठीवर एकमेकांना जोडलेले असतात. सरावाने लवचिकता थोडी वाढते, पण जोर लावून ही बांधणी बदलत नाही.

आणि "दुखलं तरी थांबू नका". हे वाक्य पुढे पाठवणाऱ्यांनी कृपा करून थांबावं. बोटांची टोकं हुळहुळली तर ठीक, तिथे घट्टे पडतील. मनगटात, अंगठ्याच्या मुळाशी किंवा कोपराजवळ दुखलं तर वाद्य खाली ठेवा. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. त्यांचे नऊ स्नायुबंध आणि एक मज्जातंतू मनगटातल्या एकाच अरुंद बोगद्यातून जातात, आणि मनगट दुमडलं की तिथला दाब वाढतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होणं किंवा मुंग्या येणं ही त्या मज्जातंतूची तक्रार असू शकते. करंगळीतल्या मुंग्यांचं मूळ बहुधा कोपराशी असतं. विश्रांतीनंतरही हे टिकलं तर डॉक्टरांना दाखवा, त्यात कमीपणा नाही.

हाताला दोष देण्याआधी बेसही तपासा. पट्टा फार लांब असेल तर मनगट दुमडणारच. बसून वाजवताना बेस जिथे असतो, उभं राहिल्यावरही तिथेच हवा, नेक थोडी वर उचललेली. तिसरा फ्रेट दाबून पहिल्या फ्रेटवर तार किती उंच राहते ते बघा. केसभर फट पुरते. ढळढळीत दिसत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत आणि तुम्ही विनाकारण जास्त जोर लावताय. सेटअप, म्हणजे तारांची उंची जुळवण्याचं काम, करून घ्या.

चार बोटं शिकायची असतील तर सातव्या फ्रेटवर सुरू करा. तिथे मनगट सरळ ठेवून नीट जमलं की एक फ्रेट खाली या, मग आणखी एक. ज्या फ्रेटवर मनगट दुमडायला लागतं, तिथून खाली तीन बोटं. माझी ही हद्द आज, इतक्या वर्षांनंतरही, पाचव्या फ्रेटवरच आहे.