पाय जमिनीवर असावेत म्हणून

माझी उंची 5 फूट 3 इंच, तीही बूट घालून. लहानपणी आई म्हणायची रोज दाराच्या चौकटीला लोंबकळत जा, उंची वाढेल, मी लोंबकळायचो पण दोन मिनिटात हात भरून यायचे आणि खाली उतरायचो. त्या आळसाचं बिल मला पस्तिशीत आलं, एक्सपल्स 200 ही खडबडीत रस्त्यांसाठीची मोटरसायकल सेकंडहँड घेतली तेव्हा.

आधी माझ्याकडे स्प्लेंडर होती, तिची सीट जमिनीपासून 785 मिलीमीटर. हिची 823. फरक 38 मिलीमीटर, म्हणजे दीड इंच, म्हंटलं एवढ्याने काय होतंय. शिवाय आधीच्या मालकाने गाडी फुटपाथला खेटून उभी केली होती, मी फुटपाथवरून राजासारखा चढलो, चक्कर मारून परत फुटपाथलाच उतरलो. पैसे देऊन मोकळा.

पहिला सिग्नल लागला पुण्यातल्या नळस्टॉपचा. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, स्प्लेंडरवाल्याला कशाला माहीत असणार. डावा पाय खाली सोडला, सोडला, अजून सोडला, आणि जमीन लागली तेव्हा गाडी माझ्यासकट निम्मी कलंडली होती. शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "दादा, पाय घरी राहिला का?"

मित्र म्हणाले अरे एकच पाय टेकायचा, बूड जरा सरकवायचं, सोप्पंय. हे सांगणारे सगळे पावणेसहा फुटी.

मग नाना पेठेत एक मेकॅनिक गाठला. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, त्याला फार वेळ लागला नाही, आणि म्हणाला, "उंची कमी नाही हो तुमची, गाडी उंच आहे." झालं. या एका वाक्यावर मी त्याला किल्ली दिली.

आधी मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा ताण, एकदम सैल केला, गाडी वजनाने जरा जास्त दबते. पण मागे बायको बसली की प्रत्येक खड्ड्यात धाडकन आवाज, आणि तो तिच्या वजनामुळे येतोय असं मी एकदाच म्हणालो. म्हणून मग लिंक बदलली, म्हणजे शॉकअप आणि मागचं चाक यांना जोडणारी पट्टी. मागच्या शॉकअपची लिंक जरा लांब बसवली की चाक वर सरकतं, म्हणजे गाडी खाली बसते. बसली! मी नुसता बघतच राहिलो. फक्त मागून बसल्यामुळे आता तोंड वर, हेडलाइट लोकांच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, आणि वळणावर हँडल आळशासारखं येतंय. म्हणून पुढचे शॉकअप टीमधून, म्हणजे हँडलखाली त्यांना धरणाऱ्या पकडीतून, 15 मिलीमीटर वर सरकवले, की गाडी पुढूनही खाली. आता गाडी लेव्हलमधे, माझे दोन्ही चवडे जमिनीवर, घरी येऊन आईच्या पाया पडलो.

पण साइड स्टँड होता तेवढाच लांब राहिला ना. गाडी खाली आली, स्टँड नाही आला, त्यामुळे ती स्टँडवर कलायच्या ऐवजी एनसीसीच्या पोरासारखी ताठ उभी. पहाटे जरा वारं सुटलं आणि उजवीकडे शेजारच्या काकांच्या अ‍ॅक्टिवावर जाऊन पडली. काका काही बोलले नाहीत, फक्त तेव्हापासून रोज दोन वेळा खाली येऊन अ‍ॅक्टिवा बघून जातात. वेल्डिंगवाल्याला सांगितलं पाऊण इंच काप, त्याने सव्वा कापला, म्हणाला बसेल अ‍ॅडजस्ट होऊन.

आणि मग स्पीडब्रेकर. कंपनीने 220 मिलीमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यातलं अंतर, दिला होता, त्यातला इंचभर मी स्वतः पैसे देऊन काढून टाकला होता, आणि आमच्या सोसायटीचा स्पीडब्रेकर हा स्पीडब्रेकर नसून गडाची तटबंदी आहे. दोघं बसलो की खालून खर्रर्र. बायको म्हणाली, "खड्ड्यांसाठी उंच गाडी घेतलीस, आणि आता तीच घासत चाललीय." यावर उत्तर नव्हतं. गाडी परत नाना पेठेत, जुनी लिंक परत, शॉकअप परत खाली. उलटं करायची मजुरी सुलट्याएवढीच असते, विचारून बघा.

सगळं परत आलं, कापलेला स्टँड कसा येणार. आता गाडी स्टँडवर इतकी झुकते की लोक थांबून धरायला धावतात. म्हणून आईच्या जुन्या पाटाचा तुकडा सुतळीने हँडलला बांधलाय, थांबलो की आधी तो खाली टाकायचा, मग त्याच्यावर स्टँड.

आणि पायाचं म्हणाल तर कोपऱ्यावरच्या चांभारकाकांनी बुटाला टायरचा इंचभर जाड सोल मारून दिला. 25 मिलीमीटर, 200 रुपयात. फक्त डाव्या बुटाला, उजवा पाय ब्रेकवरच असतो, उगाच कशाला खर्च. परवा ऑफिसच्या जिन्यात वॉचमन म्हणाला, "साहेब, पायाला लागलंय का?"

मी म्हंटलं, हो, गाडीवरून पडलो.